आठ अँगस्ट्रॉमची अंधश्रद्धा

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका आकड्याशी आहे. आकडा आहे ८.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांपैकी बरेच जण हल्ली बायोलॉजीकडे वळलेत. कुणी नोकरीसाठी, कुणी शनिवार-रविवारचा उद्योग म्हणून. चांगलंच आहे. प्रोटीनच्या रचनांच्या फाइली प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळतात. पायथन येतच असतं. मग पहिला प्रयोग ठरलेला : प्रोटीनच्या साखळीतलं कुठलं अमिनो आम्ल कुठल्या अमिनो आम्लाच्या संपर्कात आहे ते काढायचं. वीस-तीस ओळींचा कोड. प्रत्येक जोडीतलं अंतर मोजा, ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर १, नाहीतर ०. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग.) काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा झकास नकाशा तयार होतो, आणि त्याखाली छातीठोक वाक्य येतं : "या दोन रेसिड्यूंमध्ये संपर्क नाही."

नाही कसा? तुम्ही फक्त एका अंतराची ८ शी तुलना केलीत. ८ कुठून आणलात?

विचारून बघा. "सगळे तेच वापरतात" हे उत्तर मिळेल. म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादात सवाच का, तर सव्वाच घालायचं असतं म्हणून!

माझं म्हणणं सरळ आहे. संपर्क ही फाइलमध्ये सापडणारी वस्तू नाही. फाइलमध्ये असतात फक्त अणूंचे एक्स, वाय आणि झेड. कुणाला संपर्क म्हणायचं हा आपण घेतलेला निर्णय असतो. आणि निर्णय घेतला की त्याची जबाबदारीही आली. ती डिफॉल्ट पॅरामीटरच्या गळ्यात घालता येत नाही.

आधी ८ ची बाजू मांडतो, नाहीतर अन्याय होईल. प्रत्येक अमिनो आम्लाला साखळीचा कणा असतो आणि त्या कण्यातून बाहेर आलेली एक फांदी असते. फांदीच्या पहिल्या कार्बनला सी-बीटा म्हणतात. १९९४ पासून कॅस्प नावाची स्पर्धा भरते. नुसता अमिनो आम्लांचा क्रम देऊन रचना ओळखायला सांगायची आणि प्रयोगातून मिळालेल्या रचनेशी ताडून बघायची. तिथे २०२० पर्यंत संपर्कांचे अंदाजही तपासले जायचे आणि त्यासाठी सगळ्यांना एकच माप लागायचं, म्हणून ठरलं : सी-बीटामधलं अंतर ८ पेक्षा कमी तर संपर्क. प्रोटीनची घडी ढोबळमानाने कशी पडलीये हे बघायला हे माप उत्तम आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती हेच माप उचलून भलत्याच प्रश्नाला लावण्याबद्दल. "हे अमिनो आम्ल बदललं तर माणूस आजारी पडेल का?" हा घडीचा प्रश्न नाही. हा प्रश्न अणूंचा आहे. तिथे हायड्रोजन बंध साधारण २.९ अँगस्ट्रॉमवर असतो आणि धन-ऋण भारांची जोडी ४ च्या आत. लायसीनची फांदी लांबलचक. तिचं टोक समोरच्या ग्लुटामेटच्या टोकाला धरून बसलेलं असतं, तेव्हा दोघांच्या सी-बीटामध्ये १० अँगस्ट्रॉम अंतर सहज असू शकतं. नकाशात तिथे शून्य! उलट दोन सी-बीटा ६ वर असतात पण फांद्या विरुद्ध दिशांना गेलेल्या असतात, तिथे एक. चाळीतला हिशेब आहे हा. भिंतीला भिंत लागलेल्या दोन बिऱ्हाडांचं वर्षानुवर्षं बोलणं बंद, आणि समोरच्या चाळीतल्या काकूंशी मात्र खिडकीतून वाटी-वाटीची देवाणघेवाण. भिंतींमधलं अंतर मोजून काय कळणार?

आता ग्लायसीन. सगळ्यात छोटं अमिनो आम्ल, त्याला फांदीच नाही, म्हणजे सी-बीटाही नाही. कोड सी-बीटा शोधायला जातो आणि की-एरर देऊन आपटतो. कॅस्पने इथे कण्यातला सी-आल्फा घ्यायचा असा नियम करून ठेवलाय. पण नियम वाचतो कोण? ट्राय, एक्सेप्ट, पास. एरर गेली. एररबरोबर ग्लायसीनही गेलं!

याने काय बिघडतं? कोलॅजन घ्या. आपली कातडी, हाडं, कंडरा यांचं मुख्य प्रोटीन. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन. ते तिथे असतं कारण तिन्ही साखळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दुसरं कुणी मावतच नाही. म्हणजे ही रचना ज्या संपर्कांवर उभी आहे नेमके तेच या 'पास'ने पुसले जातात. आणि हाडं काचेसारखी ठिसूळ करणाऱ्या जन्मजात आजाराच्या गंभीर प्रकारांमागे अनेकदा अशाच एका ग्लायसीनची झालेली बदली असते.

कोलॅजन मी मुद्दाम निवडलं. 'किती जवळ म्हणजे फार जवळ?' हा वाद इथे आधीच होऊन गेलाय, आणि तो आपल्याकडच्या माणसाने कसा हाताळला ते बघण्यासारखं आहे. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजनचं तीन साखळ्यांचं मॉडेल मांडलं आणि पुढच्या वर्षी ते सुधारलं. त्यावर अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांचा आक्षेप आला : तुमच्या मॉडेलमध्ये काही अणू एकमेकांच्या नको इतके जवळ आलेत. (हायड्रोजन बंधांच्या संख्येबाबत पुढे रिच-क्रिक यांचंच म्हणणं टिकलं, तेही सांगून टाकतो.)

रामचंद्रन यांनी "सगळे हेच वापरतात" असं उत्तर दिलं नाही. तोवर प्रसिद्ध झालेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चाळल्या आणि अणू प्रत्यक्षात किती जवळ येतात ते पाहिलं. मग प्रत्येक जोडीसाठी वेगळी मर्यादा ठरवली, तीही एक नाही, दोन. एक नेहमीची आणि एक टोकाची. हायड्रोजन-हायड्रोजनसाठी २.० आणि १.९ अँगस्ट्रॉम, बाकी जोड्यांच्या आपापल्या. याच मर्यादांतून रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासोबतचा १९६३ चा तो नकाशा तयार झाला, जो आज रामचंद्रन प्लॉट म्हणून जगभर शिकवला जातो. नीट बघा, त्याच्यावरही दोन सीमारेषा आहेत. आपला आकडा थोडा इकडेतिकडे सरकवला तर निष्कर्ष कुठे बदलतो हे त्या माणसाने चित्रातच दाखवून ठेवलंय. आणि आपण साठ वर्षांनंतर, हातात एवढी यंत्रं असताना, एका आकड्यावर खूश!

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : शेजारी मोजताना फाइलच्या बाहेर कोण उभं आहे ते बघणं. सिकलसेलचं उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन येतं. (डेटाबेसमध्ये सुरुवातीचं मेथिओनिन मोजलं तर तीच जागा सातवी होते. ऑफ-बाय-वन तिथेही आहेच!) ही जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे. नेहमीच्या हिमोग्लोबिनची फाइल उघडा, संपर्क मोजा. गाभ्यातलं काही तुटत नाही, चार साखळ्यांची जुळणी बिघडत नाही. स्क्रिप्ट म्हणणार, निरुपद्रवी बदल.

प्रत्यक्षात काय होतं? ऑक्सिजन सोडल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या दुसऱ्या हिमोग्लोबिन रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, तिथल्या फिनाइलअ‍ॅलनिन ८५ आणि ल्युसीन ८८ ला चिकटतं. रेणूला रेणू जोडत दोर तयार होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. जीव घेणारा हा संपर्क एकट्या रेणूच्या फाइलमध्ये नसतोच. तिथे ८ ठेवा, १२ ठेवा, काही दिसणार नाही. तो बघायचा तर दोन रेणू शेजारी-शेजारी असलेली, ऑक्सिजन नसलेल्या अवस्थेतली सिकल हिमोग्लोबिनची रचना उघडावी लागते.

हे कुठल्या दूरदेशीचं दुखणं नाही. गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये, विदर्भात कितीतरी घरांत हा आजार आहे. १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे उद्दिष्ट ठेवून. सिकलसेलचं कारण आपल्याला आधीच माहीत आहे म्हणून ठीक. पण उद्या एखाद्या पेशंटच्या जीनमध्ये अनोळखी बदल सापडला आणि त्यावर आपल्या स्क्रिप्टने 'संपर्क नाही, सबब धोका नाही' असा शिक्का मारला तर?

"अरे, आता अल्फाफोल्ड आहे, कुठल्या जमान्यात आहेस?" हा प्रश्न येणारच. तर ऐका. २०१८ च्या कॅस्पमध्ये अल्फाफोल्डच्या पहिल्या आवृत्तीने हो-नाहीचे संपर्क वर्तवलेच नाहीत. २ ते २२ अँगस्ट्रॉमचे ६४ कप्पे केले आणि प्रत्येक कप्प्याची शक्यता वर्तवली. म्हणजे ज्यांच्या नावाने तुम्ही मला गप्प करताय, त्यांनीच ८ ची रेष बाजूला ठेवली होती! आणि २०२२ मध्ये त्यांनी २० कोटींहून जास्त प्रोटीनांची मॉडेल्स खुली केली ती एकेकट्या साखळीची होती. शेजारचा रेणू त्यांतही नव्हता.

"पण कुठलातरी आकडा घ्यावाच लागतो ना?" लागतो की! घ्या. फक्त तो का घेतला ते लिहा. अंतर कुठल्या अणूंमधलं ते लिहा. आकडा थोडा खाली-वर करून निष्कर्ष टिकतो का बघा, नाही टिकला तर तेही लिहा. स्फटिकातले शेजारी आणि रेणूची अवस्था तपासा. ग्लायसीन मोजलं गेलं का ते बघा. सगळं मिळून एखाद्या दुपारचं काम आहे.

ऑफिसात कुणी कोडमध्ये कारण न देता नुसता आकडा ठोकला तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याची सालटी काढतो. तोच नियम इथे लावा, एवढंच मागणं आहे. तिकडे फार तर बिल्ड तुटतो. इकडे रिपोर्टच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसलेला असतो.