परीक्षा नवतपात घ्यावी

संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने पळवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा छंद आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पोरांपर्यंतही पोचला आहे, आणि त्यात वावगे काही नाही. कमी पैशांत जास्त काम काढून घेण्याची हौस मध्यमवर्गाला पूर्वापार आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालतो हे कळताच जगभरच्या हौशी मंडळींनी त्यावर उड्या टाकल्या होत्या. माझी तक्रार वेगाबद्दल नाहीच. वाढवलेल्या वेगाची परीक्षा आपण ज्या ढिलाईने घेतो, तिच्याबद्दल आहे.

ही परीक्षा म्हणजे स्ट्रेस टेस्ट. तिच्यासाठी प्राइम९५ हा प्रोग्राम प्रसिद्ध आहे. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या १९९६ साली सुरू झालेल्या उपक्रमातला हा प्रोग्राम जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिला. त्यातली ‘टॉर्चर टेस्ट’ प्रोसेसरला तासन्‌तास अवघड गुणाकार करायला लावते आणि आलेले उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहते. बँकांचीही हल्ली अशी टेस्ट होते. थकीत कर्जे एकाएकी वाढली तर भांडवल पुरेल काय, हे रिझर्व्ह बँक कागदावर तपासून पाहते. तिथे गृहीत धरतात ते वाईट वर्ष.

आपला मुलगा मात्र दिवाळीत नवा संगणक जोडतो, जानेवारीच्या गार रात्री तासभर टेस्ट लावतो, आणि संगणक बंद पडला नाही म्हणून निर्धास्त होतो. अहो, भंडाऱ्यात जानेवारी हा काय परीक्षेचा महिना झाला? इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, नवतपात भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. खोली २० अंशांवर असताना जो प्रोसेसर ७५वर राहिला, तो खोली ४०वर गेली की ९५च्या आसपास पोचणार. हा साध्या बेरजेचा हिशेब आहे. त्यात वेग टिकवण्यासाठी व्होल्टेज चढवले असेल तर विचारूच नका. वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत लागते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवले की सुमारे तेहतीस टक्के जादा वीज, आणि तेवढीच जादा उष्णता. शंभर अंशांच्या आगेमागे बरेच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतात. म्हणजे टेस्ट चालू असताना वेगाच्या आकड्याकडे लक्ष नसेल, तर पेपर सोपा झाल्यामुळे पास झालो हेही कळायचे नाही.

परंतु संगणक बंद पडणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक बिघाड. खरी भीती आहे ती बंद न पडता चुकीचे उत्तर देणाऱ्या यंत्राची. १९९४ साली थॉमस नाइसली या अमेरिकी गणिताच्या प्राध्यापकांना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. तो दोष रचनेतलाच होता, ओव्हरक्लॉकिंगचा नव्हे. पण यंत्र बिनतक्रार चालू होते आणि उत्तर चुकत होते. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तेरीज जुळली म्हणजे खतावणी बिनचूक, असे आमच्यातला कोणताही जाणता अधिकारी म्हणत नसे. इकडची शंभराची चूक तिकडच्या शंभराच्या चुकीने झाकली जाते आणि बेरीज साळसूदपणे जुळते.

शिवाय एकदा पास म्हणजे कायमचे पास, असेही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू झिजून अस्थिर झाले. २०२४ साली कंपनीने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे तर कित्येकांनी मुद्दाम पळवलेलेही नव्हते.

संगणक निव्वळ खेळासाठी असेल तर खुशाल पळवा; फार तर डाव मोडेल. पण त्याच संगणकावर तुमसरकडच्या काकांच्या राईस मिलचा हिशेब होत असेल, शेजारच्या चार दुकानांचे जीएसटीचे आकडे भरले जात असतील, तर चुकीचा भुर्दंड वेग वाढवणाऱ्याला पडत नाही, दुसऱ्याच कुणाला पडतो. तेव्हा टेस्ट मे महिन्यातल्या दुपारी, कूलर बंद ठेवून सुरू करावी आणि रात्रभर चालू द्यावी. पावसाळा गेल्यावर, पंख्यात साचलेली धूळ झटकण्याआधी, पुन्हा एकदा घ्यावी. आणि एक जरी उत्तर चुकले, तर शंभर मेगाहर्ट्झ खाली उतरून सगळी टेस्ट पहिल्यापासून लावावी.