मय्यतीला धावणारा मोहल्ला आजाऱ्याच्या घरीही जावा

मोहल्ल्यात कुणाचा इंतकाल झाला की कामं आपोआप वाटली जातात. कफन कोण आणणार, गुसल कोण देणार, कब्र खोदायला कुणाला सांगायचं, जनाजा कधी उचलायचा, हे चार फोनमध्ये ठरतं. घरात चूल पेटत नाही, तर शेजारून डबे येतात. ही आपली ताकद आहे आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा.

पण हाच माणूस आधीचे तीन महिने कॅन्सरने कण्हत पडलेला असतो, तेव्हा त्याच्याजवळ बहुधा एक थकलेली बायको किंवा सून असते. वेदना थांबवणारी गोळी कुठे मिळते, हे तिला ठाऊक नसतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. मग एका रात्री श्वास लागतो, धावपळ होते आणि आयसीयूच्या दारात प्रश्न येतो : व्हेंटिलेटर लावायचा का? उत्तर लगेच द्यायचं असतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे वापरणाऱ्याने काही निवडलं नाही, तर आधीच ठरलेली सेटिंग लागू होते. हॉस्पिटलातही असंच होतं. रुग्णाने काही सांगून ठेवलेलं नसेल, तर नळ्या, यंत्रं आणि वाढतं बिल. यात डॉक्टर दुष्ट नसतो आणि मुलं मूर्ख नसतात. ‘बापाला सोडून दिलं’ हा ठपका कुणालाच नको असतो, म्हणून ‘आता थांबा’ असं कुणी म्हणत नाही. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे, त्याला तेव्हा बोलता येत नसतं.

कायद्याने यावर मार्ग दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्येच येतो असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पहिली प्रक्रिया फारच किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून कागद नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या नातेवाइकांची नावं त्यात लिहायची असतात. मत बदललं, तर तो केव्हाही रद्द करता येतो. उपचार थांबवण्याचा निर्णय मात्र एकटा डॉक्टर किंवा एकटा मुलगा घेऊ शकत नाही. त्यासाठी डॉक्टरांची दोन मंडळं तपासणी करतात. इंजेक्शन देऊन मारणं हा आजही गुन्हाच आहे. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून लोकांसमोर उदाहरण ठेवलं.

आपल्या घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे दीनमध्ये चालतं का? आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत ठरवलं की, मेंदूचं काम कायमचं बंद पडल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, तर यंत्रं काढता येतात. मेंदू जिवंत आहे पण बरं होण्याची आशा उरलेली नाही, अशा रुग्णाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. म्हणूनच आपल्या भरवशाच्या आलिमशी आणि डॉक्टरशी हे धडधाकट असतानाच बोलून घ्यावं. आयसीयूच्या बाकावर बसून फतवा शोधायची वेळ येऊ नये.

कागदाने अर्धंच काम होतं. यंत्र नको म्हणणाऱ्या माणसाला वेदनेत टाकून देणं हा सन्मान नव्हे. दुखणं, धाप, उलटी, भीती यांवर उपचार करणारी पॅलिएटिव्ह केअर ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करतं, पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन महाग नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून रुग्णांसाठी ते मिळण्याची वाट सोपी केली गेली. तरी ‘सवय लागेल’ म्हणून मरणाऱ्या माणसाला तळमळत ठेवणारी घरं कमी नाहीत.

सगळे हॉस्पिटलात राहू शकत नाहीत. केरळने त्याचं उत्तर शोधलं. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेलं हे काम पुढे मलप्पुरम जिल्ह्यात लोकांनी हाती घेतलं. शेजारच्याच माणसांना प्रशिक्षण मिळालं आणि खर्चासाठी लोकांनी थोडे थोडे पैसे दिले. नर्ससोबत हे स्वयंसेवक घरी जातात, मग तो रुग्ण कोणत्याही धर्माचा असो. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरण केलं. मलप्पुरममध्ये मुस्लीम बहुसंख्य आहेत. म्हणजे हे आपल्या वस्त्यांत जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

आपल्याकडे मय्यतीची कमिटी आहेच. तिच्यातल्या चार मुलांनी आणि चार बायकांनी जवळच्या केंद्रात जाऊन प्रशिक्षण घ्यावं. वस्तीत अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, याची यादी करावी. आठवड्यातून दोन तास जाऊन बसलं, तरी त्या सुनेला झोप मिळेल. लिव्हिंग विल जपून ठेवण्यासाठी स्थानिक संस्थेने अधिकारी नेमायचा आहे. आपल्या महापालिकेत तो कोण, हे नगरसेवकाला लेखी विचारावं. आणि आपापल्या घरी जेवताना एकदा अम्मी-अब्बांना विचारावं, तुम्हाला काय हवं आहे?

खांदा द्यायला आपण कधी चुकत नाही. तो थोडा आधी द्यायला शिकू या.