यादीत नाव, गाठीस पैसा नाही

प्रवेशाची यादी लागते त्या दिवशी विद्यार्थ्याची गुणवत्ता सिद्ध होते. शुल्क भरण्याची मुदत संपते त्या दिवशी त्याच्या बापाची ऐपत सिद्ध होते. या दोहोंमध्ये अंतर असते ते अवघ्या काही दिवसांचे. पण आमच्या समाजातील कित्येक मुलांचे भवितव्य त्याच अंतरात गडप होते. विशेषतः कलाशिक्षणाची वाट धरणाऱ्या मुलांच्या वाट्यास हे संकट अधिक कठोरपणे येते, म्हणून आज त्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रहाटणीचेच उदाहरण घ्या. काळेवाडी, थेरगाव व पिंपळे सौदागर यांच्या शेजारचे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरात सामावले आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे कारखान्यांची रांग लागली व ती चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. तिच्या पाठोपाठ मराठवाडा, विदर्भ व सोलापूरकडील आमची माणसे पोटासाठी येथे आली. यांपैकी एखाद्या कंत्राटी कामगाराच्या मुलीने शाळेत असताना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, बारावीनंतर राज्याची प्रवेश परीक्षा दिली आणि कलेच्या चार वर्षांच्या पदवीसाठी तिचे नाव यादीत लागले, असे समजा. त्या घरात पेढे वाटावयाचे, की उसनवारीस निघावयाचे? शासनाची जुनी कला महाविद्यालये मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तिकडे जावे तर राहण्या-जेवण्याचा खर्च; पुण्यातच राहावे तर अनुदानित संस्थेतील मोजक्या जागा, आणि त्या न मिळाल्यास खासगी संस्थेचे शुल्क. दोन्हीकडे पैसा आधी व शिक्षण नंतर, असाच क्रम आहे.

यावर कोणी म्हणेल की, शासनाची शिष्यवृत्ती आहे ना? आहे, आणि ती कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. धर्मांतरानंतर केंद्राच्या लेखी आमचे अनुसूचित जातीचे स्थान गेले. ते परत मिळण्यास १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. तोवर राज्याच्या सवलतींवरच आमच्या मुलांस भागवावे लागले. इतक्या झगड्याने मिळालेला हक्क आज वेळेवर हाती पडत नसेल, तर तो कागदावर आहे एवढ्याने समाधान कसे मानावयाचे?

सध्याच्या नियमांप्रमाणे वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थी या शिष्यवृत्तीस पात्र ठरतो. तिच्या खर्चाचा ४० टक्के भार राज्याने उचलावयाचा व ६० टक्के केंद्राने. राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा व्हावयाचा. म्हणजे पहिले चाक अडले की दुसरेही अडलेच. अर्ज, दाखले, पडताळणी, मंजुरी या पायऱ्या चढून रक्कम खाली उतरते तेव्हा शुल्काची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. शिष्यवृत्ती ही प्रवेशाची किल्ली असावयास हवी. तिचे रूप आज झालेल्या खर्चाच्या परताव्याचे झाले आहे. ज्याच्यापाशी आधी खर्च करण्यास काही नाही, त्यास परताव्याचा उपयोग काय?

उशिराने काय होते, हे कलेच्या इतिहासात नमूद आहे. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा यांस मध्यप्रांत सरकारने मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली होती. १९४३ साली ते मुंबईस पोहोचले तोवर प्रवेशाची वेळ टळून गेली होती. जागा गेली आणि शिष्यवृत्तीही गेली. त्यांनी एका ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओत नोकरी धरली, कामातून उरलेल्या वेळात चित्रे काढली आणि पुढे जगभर कीर्ती मिळविली. परंतु जो तरला त्याचेच नाव आपणांस ठाऊक आहे. जे त्याच काठावर बुडाले, त्यांची नोंद कोणत्या ग्रंथात आहे?

हे जुन्या काळापुरतेच होते असेही नव्हे. २०२४ साली उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाने धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळविली. पण १७,५०० रुपये ठरल्या वेळेच्या आत भरता न आल्याने ती गेली. त्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखाली आपला विशेष अधिकार वापरून त्यास प्रवेश देवविला. न्यायालयाचे आम्ही अभिनंदनच करतो. परंतु साडेसतरा हजार रुपयांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचे दार ठोठवावे लागावे, ही गोष्ट त्या मुलाच्या विजयाइतकीच व्यवस्थेच्या पराजयाची आहे.

कलेच्या विद्यार्थ्याची अडचण शुल्काशी संपत नाही. इतरांस ग्रंथालयातील पुस्तक चालते. रंगाची नळी ग्रंथालयात मिळत नाही. कागद, कॅनव्हास, कुंचले, रंग हे एकदा वापरले की संपले, आणि त्यांवाचून वर्गातील काम दाखविता येत नाही. घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीतून मिळणारा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षास २,५०० ते ७,००० रुपये आहे. सर्वांत वरची रक्कम धरली तरी महिन्यास सहाशे रुपयेही होत नाहीत. तेवढ्यात बसभाडे भागवावे की रंग घ्यावेत? राज्याची स्वाधार योजना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षास ६०,००० रुपये देते. परंतु आपल्याच शहरात शिकणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्यास तिचा लाभ नाही.

येथे आमच्याच समाजातील काही बांधव विचारतात की, मुळात चित्रे काढण्याचे शिक्षण हवे कशाला? मुलीने आय.टी.आय. करावे, कारखान्यात लागावे, घरास हातभार लावावा. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. रिकाम्या पोटाने हा प्रश्न विचारणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु प्रश्न उपजीविकेचा असेल, तर उपयोजित कला हीही उपजीविकाच आहे. याच औद्योगिक पट्ट्यात तयार होणाऱ्या मालाचे वेष्टन, जाहिरात व पुस्तिका कोणीतरी रेखाटीतच असतो. आणि प्रश्न त्याहून मोठाही आहे. चौदा एप्रिलला आमच्या प्रत्येक वस्तीत बाबासाहेबांचे चित्र लागते, विहारात बुद्धमूर्ती असते. देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपल्या इतिहासास रूप कोणी द्यावयाचे, आपली माणसे जगास कशी दिसावयाची, हे ठरविणारे हात आपल्यांत नसावेत काय? कोणते ज्ञान कोणी घ्यावयाचे हे जन्मावरून ठरविणारी व्यवस्था आपण नाकारली. तेच काम आज पैशाच्या थैलीने करावे, हे आपण मुकाट्याने सोसावयाचे काय?

शासनाकडे आमच्या मागण्या तीन आहेत. पात्र विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज हीच शुल्काची हमी मानून त्यास प्रवेश मिळावा व रकमेचा हिशेब शासनाने महाविद्यालयाशी परस्पर करावा. कलेच्या विद्यार्थ्यास साहित्यासाठी वेगळा भत्ता सत्राच्या आरंभी मिळावा. आणि पिंपरी-चिंचवडसारख्या विस्तीर्ण कामगार वस्तीच्या आवाक्यात शासनाचे एक कला महाविद्यालय व्हावे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपले कर्तव्य संपत नाही. रहाटणीहून मुंबईच्या रस्त्यास लागले की कार्ल्याची लेणी येतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते चैत्यगृह एकट्या राजाच्या खजिन्यातून उभे राहिलेले नाही. तेथील शिलालेख वाचा: धेनुकाकट गावच्या एका अत्तरविक्याने द्वाराचे दान दिले, सामी नावाच्या सुताराचे नावही तेथे कोरलेले आहे, निरनिराळ्या खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे आहेत. एकेकाने एकेक खांब उचलला, म्हणून ते छत आजवर टिकले. आपणही एकेक खांब उचलू शकतो. प्रत्येक विहाराने जयंतीच्या वर्गणीतील ठराविक हिस्सा बाजूस काढून शुल्कनिधी उभारावा. ज्या मुलाची शिष्यवृत्ती यावयाची आहे त्यास त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी, शिष्यवृत्ती येताच ती परत घ्यावी व पुढच्या मुलास द्यावी. निधीचा हिशेब विहाराच्या फळ्यावर सर्वांस दिसेल असा लिहावा. यात भिक्षा नाही, उपकार नाही. हा समाजाने समाजास दिलेला शब्द आहे.

बाबासाहेबांच्या शिक्षणासाठी त्यांच्या वडील बंधूंनी, आनंदरावांनी, स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले. त्या यशाच्या पायाशी घरातील एका मुलाचे अर्धवट राहिलेले शिक्षण आहे, हे आपण विसरू नये. एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शाळा सोडावी, ही पाळी त्या काळी आली होती. आज रहाटणीतील कोणत्याही घरावर ती येऊ नये. पुढील यादी लागण्यापूर्वीच आपापल्या विहारात बैठक बोलवा आणि निधीचा पहिला रुपया टाका. कारण मुदत संपल्यानंतर जमलेला निधी त्या मुलीच्या काहीच कामाचा नाही.