काटा कंपनीचा, ऊस खेळाडूचा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या नियमनाचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळले जाणारे खेळ त्याने निषिद्ध ठरविले आणि ई-क्रीडेला मात्र मान्यतेचा मार्ग खुला केला. त्याच महिन्यात अमेरिकेतील ॲनहाइम येथे 'पोकेमॉन गो' या मोबाईलवरील खेळाची जागतिक स्पर्धा एका भारतीय खेळाडूने जिंकली. या दोन घटनांचा वरकरणी काही संबंध नाही. परंतु जुगार एका बाजूस आणि क्रीडा दुसऱ्या बाजूस अशी जी रेघ कायद्याने ओढली आहे, तिच्या नेमक्या कोणत्या बाजूस हा खेळ बसतो, हे वाटते तितके सोपे नाही.

हा खेळ जुलै २०१६ मध्ये जगात आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जिओच्या साहाय्याने भारतात. काल्पनिक प्राणी पकडावयाचे, त्यांचे बळ वाढवावयाचे आणि त्यांतील तीन निवडून प्रतिस्पर्ध्याच्या तिघांशी झुंजवावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. २०२० पासून या झुंजींची रीतसर साखळी सुरू झाली. कोणता प्राणी कोणत्या माऱ्यासह सध्या वरचढ आहे, याविषयी खेळाडूंमध्ये जो समज रूढ असतो त्यास ते 'मेटा' म्हणतात. बाजारात ज्याला चालू भाव म्हणतात तसेच हे. फरक एवढाच की, हा भाव मागणी-पुरवठ्यापेक्षा अधिक कंपनीच्या एका घोषणेने ठरतो. साधारण तीन महिन्यांच्या हंगामागणिक माऱ्यांच्या बळात फेरबदल होतात आणि काल मोलाचा असलेला प्राणी आज कवडीमोल ठरतो.

एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. २०२० च्या अखेरीस प्राण्याच्या बळाची कमाल पातळी ४० वरून ५० वर नेण्यात आली. वरच्या दहा पायऱ्यांसाठी एका प्राण्यामागे २९६ विशेष गोळ्या लागू लागल्या. मेडिचॅम नावाचा प्राणी या चढाईनंतर खालच्या गटात फार उपयोगी ठरला, म्हणून असंख्य खेळाडूंनी महिनोन्महिने खपून तो सिद्ध केला. सप्टेंबर २०२४ च्या फेरबदलात त्याचा मुख्य मारा 'काउंटर' दुबळा करण्यात आला. गोळ्या परत मिळाल्या नाहीत. फेरबदल मुळात वाईट नसतात. तोच तो डाव वर्षानुवर्षे चालला तर खेळ शिळा होतो, हे खरेच आहे. आक्षेप निराळा आहे. नियम बदलणारा आणि बदललेल्या नियमाला लागणारा माल विकणारा येथे एकच आहे. बुद्धिबळाचा महासंघ उंट-घोडे विकून जगत नाही. कुस्तीगीर परिषद बदाम विकत नाही.

सोलापूर जिल्ह्यात हे समजावून सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही. ऊस शेतकऱ्याचा आणि वजनकाटा कारखान्याचा, यातून उद्भवणारी तक्रार येथे पिढीजात आहे. पण उसाच्या बाबतीत निदान १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, हंगामापूर्वी केंद्र सरकार किमान दर ठरविते आणि काट्याची तपासणी करणारे खातेही आहे. मोबाईलच्या खेळात टांकसाळ, दुकान, काटा आणि पंच हे चारही एकाच घरचे. चलनही कंपनीचे असते. खेळाडू रुपये देऊन नाणी घेतो आणि मग वस्तूची किंमत रुपयांत किती, हे त्याच्या ध्यानात राहत नाही. ही योजना अजाणतेपणी झालेली असेल असे मानणे कठीण आहे.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वरच्या गटात ज्यांच्यावाचून निभाव लागत नाही असे बलाढ्य प्राणी बहुधा सामुदायिक लढायांतून मिळतात आणि तेथे एकट्यादुकट्याचे काम नसते. मुंबई-पुण्यात सोबती सहज जमतात. करमाळा किंवा सांगोला येथील विद्यार्थ्याला दूरस्थ प्रवेशपत्र घेऊन परक्यांच्या लढाईत सामील व्हावे लागते. एप्रिल २०२३ मध्ये याच प्रवेशपत्राची किंमत १०० नाण्यांवरून १९५ करण्यात आली आणि दिवसाला पाचांचीच मर्यादा घालण्यात आली. पैसे न देता नाणी मिळविण्याचा मार्ग म्हणजे खेळातील आखाड्यावर आपला प्राणी राखणे. त्यातून दिवसाला फार तर ५० नाणी मिळतात. म्हणजे एका प्रवेशपत्रासाठी चार दिवसांची कमाई, तीही गावात आखाडा असला तर. घराबाहेर पडून चालावे, हा दरवाढीमागचा सांगितलेला हेतू चांगलाच होता. त्याची किंमत लहान गावांनी मोजली.

या खेळात केवळ पैशानेच जिंकता येते, असे मात्र म्हणता येणार नाही. खालच्या गटात बळाची कमाल मर्यादा १५०० आहे. कुस्तीतील वजनगटासारखीच ही सोय असून तिच्यामुळे साध्या प्राण्यांनाही स्थान मिळते. जागतिक विजेतेपद पटकावणाऱ्याचे कौशल्य त्यामुळेच खरे ठरते. पण खेळ जितका खरा, तितकी त्याच्या काट्याची तपासणी अधिक अगत्याची होते.

कायद्याची नजर मात्र पणावर आहे. पैसे लावून पैसे मिळण्याची अपेक्षा असली तरच तो हात घालतो. प्रवेशपत्रे, अंडी उबविण्याची यंत्रे यांवर गेलेला पैसा परत येण्याची अपेक्षाच नसते, म्हणून तो जुगार नव्हे. जपानच्या ग्राहक खात्याने २०१२ मध्येच सोडतीतील वस्तूंचा संच पुरा करावयास लावणारी विक्रीपद्धत बेकायदा ठरविली. बेल्जियमने २०१८ मध्ये बंद पेटीतील सोडतींना जुगारात काढले. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञानाशी करार होत नाही. परंतु वडिलांच्या मोबाईलवरून झालेल्या खरेदीत खरेदीदार कोण, हे सिद्ध करणे अवघड असते. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित कराराविरुद्ध दाद आहे. ती मागण्यास जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते.

मे २०२५ मध्ये या खेळाची मालकी साडेतीन अब्ज डॉलरांच्या व्यवहाराने नायँटिककडून स्कोपलीकडे, म्हणजे पर्यायाने सौदी भांडवलाकडे गेली. एवढी रक्कम मोजणारा ती खेळाडूंकडूनच वसूल करणार. नव्या कायद्यात ई-क्रीडा म्हणून मिरवावयाचे तर प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे. त्या नोंदणीलाच दोन अटी जोडता येतील: स्पर्धेच्या हंगामात माऱ्यांचे बळ बदलावयाचे नाही आणि प्रत्येक वस्तूची किंमत नाण्यांबरोबर रुपयांतही छापावयाची.