विश्लेषण : रस्ता ओलांडताना कानही ‘बघतात’, त्यांना बघू द्या!

संध्याकाळी धायरी फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्याची नजर एका बाजूला असते. दुसऱ्या बाजूने येणारी दुचाकी त्याला दिसण्याआधी ऐकू येते, मान वळते आणि पाय जागीच थांबतो. हे सारे क्षणार्धात घडते. मात्र चहूबाजूंनी हॉर्न वाजत असतील, तर हा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मेंदू नेमके काय करतो?

डोळे आणि कान वेगवेगळी माहिती पाठवतात. मध्यमेंदूतील काही पेशी या दोन्हींना प्रतिसाद देतात. दृश्य आणि आवाज एकाच वेळी, एकाच दिशेने आले, तर त्यांचा प्रतिसाद अधिक जोरकस होतो. म्हणूनच अंधुक दिसणारी आणि पुसट ऐकू येणारी गाडीही चटकन लक्षात येऊ शकते.

कुणाचे ऐकायचे, हे कसे ठरते?

शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या प्रयोगात आवाज त्यांच्याच गळ्यातून निघतो, पण बोलतोय अर्धवटराव असेच वाटते. कारण जागा ओळखण्यात डोळे सहसा कानांपेक्षा अचूक असतात, त्यामुळे मेंदू हलणाऱ्या ओठांवर विश्वास ठेवतो. मात्र हा विश्वास कायमचा नसतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पडद्यावरचे दृश्य खूप धूसर केल्यावर पारडे फिरले आणि जागा ठरवताना आवाज वरचढ ठरला. त्या क्षणी जो अधिक भरवशाचा, त्याला मेंदू झुकते माप देतो.

धायरीकरांशी याचा काय संबंध?

मोतीबिंदू झालेल्या आजोबांना समोरचे धूसर दिसते. अशा वेळी मेंदू कानांचा आधार घेतो. आवाज दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक असतो. त्यावरून दिशा कळते. हॉर्नच्या गदारोळात नेमकी हीच खूण बुडते. म्हणजे ‘बाजूला व्हा’ सांगण्यासाठी वाजवलेला हॉर्न आजोबांचा उरलासुरला आधारही काढून घेतो. त्यात इलेक्ट्रिक दुचाकी तर जवळजवळ आवाज न करताच जवळ येतात. युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक मोटारींना कमी वेगात आवाज करणे बंधनकारक केले, ते याच कारणाने.

मग करायचे काय?

नियम आहेतच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात आणि निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यास मनाई आहे. त्यांची अंमलबजावणी हा केवळ शांततेचा नव्हे, तर पादचाऱ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न मानला पाहिजे. गर्दीच्या चौकांत पादचारी सिग्नलला आवाजाची जोड हवी आणि तो ऐकू येईल इतकी शांतताही हवी.

थोडी जबाबदारी घरातही आहे. रस्ता ओलांडताना इअरफोन काढावेत. आजी-आजोबांचे डोळे तपासायला नेताना कानही तपासून घ्यावेत. आणि सिग्नल हिरवा होताच हॉर्नवर जाणारा अंगठा आवरावा. समोरचे आजोबा कदाचित कानांच्याच भरवशावर चालत असतील.