तिथी पाहून निघा

सहकुटुंब कोकणच्या किनाऱ्याने मोटारप्रवासास निघणारा गृहस्थ मुक्कामाची खोली, न्याहारीची सोय आणि रस्त्यातले खड्डे यांची चौकशी कसोशीने करतो. परंतु ज्या समुद्रासाठी हा सारा खटाटोप, त्याला भरती कोणत्या वेळी आहे, हे विचारण्याची तसदी तो क्वचितच घेतो, आणि प्रवासाचे निम्मे वैभव या अनास्थेपायी हातचे जाते.

हरिहरेश्वराचाच दाखला घ्यावा. डोंगरावरून उतरून पाण्याशी भिडणाऱ्या तेथील प्रदक्षिणामार्गावर लाटांनी तासलेले कातळाचे विस्तीर्ण ओटे आहेत. खारे पाणी दगडाच्या रंध्रांत शिरावे, उन्हाने आटावे, मागे राहिलेल्या मिठाच्या स्फटिकांनी कण कण सुटा करावा, हा क्रम शतकानुशतके चालल्याने उभ्या कड्यांना मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. हे शिल्प ओहोटीतच निवांत पाहता येते. भरतीच्या वेळी प्रदक्षिणा पुरी करण्याचा हट्ट धरणाऱ्यास मात्र तोच ओटा जिवावर बेततो. हेदवीच्या बामणघळीचा न्याय नेमका उलट! काळ्या कातळातील त्या अरुंद, लांब चिरेत भरतीचे पाणी कोंडले म्हणजे त्याचा स्तंभ गर्जना करीत उसळतो, आणि ओहोटीत पोहोचलेली मंडळी, ‘यात पाहायचे ते काय’, असे म्हणून मोटारीत परततात.

कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची स्थूल वेळ निघते; तीतून सहा तास इकडेतिकडे केले की ओहोटी. पंचमीस भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे सकाळी पावणेदहाला हरिहरेश्वर पाहावे, बागमांडल्यास सावित्री आणि दाभोळास वाशिष्ठी जंगलजेटीने ओलांडावी (मुलांना समुद्रापेक्षा या बोटीचेच अप्रूप अधिक, असा माझा अनुभव) आणि तिसऱ्या प्रहरी हेदवी गाठावी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर त्या दिवशी नसतो, आणि लहान मुले बरोबर असता ते बरेच आहे.

नकाशा दाखवणारा भ्रमणध्वनी अंतर सांगतो, पण वाटेतला कातळ पाण्याखाली आहे की वर, हे सांगत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो. तेव्हा ‘येथे धोका आहे’ एवढीच बारमाही पाटी रंगवून जबाबदारीतून मोकळे होण्याऐवजी स्थानिक अंमलदारांनी त्या दिवसाच्या वेळा रोज सकाळी खडूने फळ्यावर लिहिण्याची तजवीज करावी. तोवर वाचकांनी मोटारीत एक पंचांग ठेवावे आणि कातळावर पाऊल टाकण्यापूर्वी गावातल्या कोळ्याला वेळ विचारून घ्यावी.