अडखळत वाचणारी मुले

वर्गात एखादा मुलगा उतारा वाचावयास उभा राहतो आणि दुसऱ्याच शब्दाला अडखळतो. मागच्या बाकांवर खसखस पिकते. गुरुजी कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "बैस खाली! घरी पुस्तक उघडत नाहीस वाटते!" हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. मी तर ते वर्षानुवर्षे पाहिले. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण ते वाक्य मी स्वतः कित्येकदा उच्चारले आहे. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेला शिक्षक मी. वाचनाविषयी मला सर्व काही कळते, अशी माझी समजूत होती.

माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगे. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु 'प्रकाश' हा शब्द तो एका ओळीत 'परकाश' असा वाची, आणि पुढच्या ओळीत त्याच शब्दापाशी मुकाट्याने थांबून राही. "अक्षर दिसतं, गुरुजी, पण तोंडात येत नाही," असे तो एकदा म्हणाला. मी ती सबब समजलो आणि त्याला बाकावर उभे केले.

ती सबब नव्हती. या अडचणीला डिस्लेक्सिया असे नाव आहे. मंद बुद्धीशी, अधू डोळ्यांशी किंवा आळसाशी तिचा संबंध नाही. 1896 साली इंग्लंडमधील सीफर्ड या गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 14 वर्षांच्या अशाच एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणितात तरबेज होता. पण स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्या अक्षरांचा क्रम चुके. सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत पुढे असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. ते शिक्षक माझ्यापेक्षा शहाणे म्हणावयाचे!

मग अडचण असते तरी कोठे? माणूस फार प्राचीन काळापासून बोलतो आहे. लिपी मात्र अवघ्या पाच-साडेपाच हजार वर्षांची. म्हणून वाचनासाठी तयार असा भाग घेऊन कोणतेही मूल जन्मास येत नाही. अक्षराची आकृती ओळखणारा मेंदूचा भाग आणि बोलण्यातले ध्वनी जाणणारा भाग यांची सांगड प्रत्येक मुलाला नव्याने घालावी लागते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ही सांगड घालणे, विशेषतः शब्दातले ध्वनी सुटे करणे, कठीण जाते. आपली देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते याचा आपणांस अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. पण 'कि' या अक्षरात वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मागून होतो. 'र' तर 'अर्क', 'चक्र' आणि 'राष्ट्र' या तीन शब्दांत तीन निरनिराळी रूपे घेतो! ज्याला सांगड घालणे आधीच जड, त्याची येथे किती तारांबळ उडत असेल?

मेंदूचे भाग एकमेकांशी जोडणारे तंतू असतात. तुम्ही शेतातला पाट पाहिला असेल. पाट कच्चा असेल तर पाणी वाटेतच झिरपते. त्याला अस्तर केले की ते वेगाने पुढे जाते. तंतूंभोवतीही चरबीयुक्त आवरण असते, आणि त्यामुळे संदेश जलद पोहोचतो. 2009 साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टिमथी केलर आणि मार्सेल जस्ट या संशोधकांनी वाचनात मागे पडलेल्या 8 ते 10 वर्षांच्या मुलांचे मेंदू यंत्राने तपासले. डाव्या बाजूच्या एका ठिकाणी हे तंतू चांगले वाचणाऱ्या मुलांइतके सुघटित नव्हते. पुढे सुमारे सहा महिन्यांत या मुलांना 100 तास खास शिकवण्यात आले. पुन्हा तपासणी केली, तो तेच तंतू सुधारले होते! जेथे सुधारणा अधिक, तेथे अक्षरांवरून उच्चार जुळवण्यातली प्रगतीही अधिक. 2018 साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनाही 8 आठवड्यांच्या कसून केलेल्या शिकवणीनंतर मुलांच्या मेंदूतील तंतूंत बदल आढळले.

यावरून डिस्लेक्सिया समूळ नाहीसा होतो असे कोणी समजू नये. पुष्कळांचे वाचन पुढेही सावकाशच राहते, शुद्धलेखन छळते. आपल्या देशाच्या 2016 च्या कायद्यानेही ही अडचण मान्य केली आहे. परीक्षेत अशा मुलांना अधिक वेळ मिळतो, तो पाहून काहीजण कुरकुरतात. मला ही कुरकुर मुळीच पटत नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण कधी लबाड म्हणतो काय? तरी माझ्या मते नुसता वेळ देणे पुरेसे नाही. ध्वनी सुटे करून, अक्षर बोटाने गिरवून, पुनःपुन्हा, न रागावता शिकवणे हे शाळेचेच काम आहे.

100 तास म्हणजे तरी किती? शाळेचे वर्ष सुमारे 200 दिवसांचे धरले, तर रोज अर्धा तास. अर्ध्या तासाने तोच परिणाम होईल असे मी म्हणत नाही. परंतु तेवढा वेळ माझ्यापाशी होता. तो विद्यार्थी माझ्या वर्गात तीन वर्षे होता.